वाफेवरची पापडी

मागच्या दिवाळीला भाची पुण्याहून आली तेव्हा तिच्या पिशवीत एक चपटं, गोल पाकीट होतं. आत ताटलीएवढ्या पारदर्शक चकत्या, एकावर एक रचलेल्या. प्रत्येकीवर चटईची बारीक नक्षी उमटलेली. "मावशी, हा राइस पेपर. यात भाज्या गुंडाळायच्या आणि चटणीत बुडवून खायच्या. तळायचं नाही, शिजवायचंही नाही." इकडे गॅसवर चकलीचं तेल तापलेलं. शेजारच्या काकू सोऱ्या घेऊन बसल्या होत्या. त्यांनी हात पुसले, एक चकती उचलून खिडकीच्या उजेडात धरली, नखाने टिचकी मारून पाहिली आणि म्हणाल्या, "हे तं आपली सालपापडीच होय वं. जिरं टाकाले इसरले फक्त."

भाची हसली. मला मात्र ते वाक्य वर्षभर सोडेना.

विदर्भाबाहेरच्या वाचकांना सालपापडी सांगायला हवी. कुणी हिला फेणी म्हणतं, कुणी नुसती तांदळाची पापडी. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचा, पाणी रोज बदलायचं. तिसऱ्या दिवशी दाणा दोन बोटांत धरला की चुरतो आणि भांड्यावरचं झाकण काढलं की हलका आंबूस वास येतो. मग गंधासारखं बारीक वाटायचं, मीठ आणि जिरं किंवा खसखस घालायची आणि ताकाइतकं पातळ करायचं. ताटलीला तेलाचं बोट फिरवायचं, पळीभर पीठ ओतून ताटली हातातल्या हातात गोल फिरवायची, म्हणजे पीठ आपोआप कडेपर्यंत पसरतं. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ताटली ठेवून वर झाकण. मिनिट-दीड मिनिटात दुधासारखं पांढरं पीठ काचेसारखं होऊ लागतं. ताटली उतरवून जरा निवू द्यायची, कडेने सुरीचं टोक फिरवायचं आणि पापडी सोलायची. सालीसारखी सोलून निघते म्हणून सालपापडी, असं आमच्याकडे सांगतात.

हे काम पहाटे चारला सुरू होतं. मे महिन्यात आमच्या वर्ध्याचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. नऊनंतर चुलीपुढे बसवत नाही. आता भांड्यांच्या दुकानात मजल्यामजल्यांचे स्टँड मिळतात, पाच-सहा ताटल्या एकदम वाफवता येतात. तरी एकीने पीठ घालायचं, दुसरीने वाफवायचं, तिसरीने सोलायचं, ही वाटणी अजून मोडलेली नाही. चौथीचं काम गप्पा मारण्याचं, आणि तिलाच सगळ्यात आधी चहा मिळतो.

पहिल्या चार-पाच पापड्या वाळवणाच्या खाटेपर्यंत कधीच पोचत नाहीत. पोरं ताटल्या घेऊन उभीच असतात. गरम, ओल्या पापडीवर कच्च्या तेलाचे चार थेंब, वर तिखट-मीठ, गुंडाळी करायची आणि तोंडात. आम्ही लहानपणी वाळवणाच्या दिवशी जेवलेलं आठवत नाही, असल्या गुंडाळ्यांवरच पोट भरायचं. त्या वेळी कुणी विचारलं असतं, हे काय खाता, तर सांगता आलं नसतं. पदार्थ म्हणावं असं त्याला नावच नव्हतं. वाळवणाच्या वाटेवरचा तो एक टप्पा, इतकंच.

राइस पेपरच्या मुलखात, व्हिएतनाममध्ये, त्या टप्प्याला नाव आहे: बान्ह कुओन. वाफेवरची ओली पापडी, आत खिमा आणि अळंबी, सोबत आंबटगोड पातळ चटणी. सकाळी रस्त्याकडेला बसून खायचा नाश्ता. तीच पापडी वाळवली की बान्ह त्रांग, म्हणजे भाचीच्या पिशवीतलं पाकीट. आणि ती वाळलेली पापडी पाण्यात ओली करून तिच्यात कोळंबी, डुकराचं मटण, तांदळाच्या शेवया आणि मूठभर कच्ची पानं गुंडाळली की गोई कुओन. इंग्रजीत याला उन्हाळी रोल म्हणतात, तळलेल्या स्प्रिंग रोलपासून वेगळा ओळखू यावा म्हणून.

तिथल्या बायका करतात कसं, हे ऐकून काकूंनी मान डोलावली. उकळत्या पाण्याच्या मडक्याच्या तोंडावर कापड ताणून बांधायचं, त्यावर पळीभर पीठ घालून पळीच्या बुडाने गोल पसरायचं, झाकण ठेवायचं, मिनिटाच्या आत बांबूच्या चपट्या काडीने उचलून बांबूच्या जाळीवर वाळत घालायचं. चकतीवरची नक्षी त्या जाळीची. आमच्या पापडीवर तशी नक्षी नसते, जुन्या सुती लुगड्याची वीण असते; नीट पाहिली तर दिसते.

फरक वाळवण्यातच जास्त आहे. वर्ध्याचं मे महिन्यातलं ऊन कोरडं आणि क्रूर. त्यात पातळ पापडी टाकली की कडा वर वळतात, मधे तडे जातात. म्हणून जाणत्या बायका सालपापडी सावलीत किंवा पंख्याखाली वाळवतात आणि शेवटचं ऊन फक्त दाखवतात. दक्षिण व्हिएतनामातल्या तायनिन्ह प्रांतात त्रांगबांग नावाचं गाव आहे. तिथे वाळलेली पापडी रात्री उघड्यावर दवात ठेवतात, म्हणजे ती मऊ होते आणि पाण्यात न बुडवताच गुंडाळता येते. मे महिन्यात वर्ध्यात दव कुठलं? आमच्या नशिबी तडतडीत पापडी. ती तळायचीच, आणि आपण पिढ्यानपिढ्या तीच वाट धरली.

तांदळाचा पातळ पदर ही काही फक्त त्यांची किंवा फक्त आमची करामत नाही. तमिळनाडूत पानांवर पीठ पसरून वाफवलेला इलै वडाम आहे. आंध्रात गोदावरीकाठच्या आत्रेयपुरममध्ये तापलेल्या पालथ्या मडक्यावर तांदळाच्या पातळ पिठात बुडवलेलं फडकं ओढतात आणि कागदाहून पातळ पापुद्रा उचलतात. त्यात साखर-तूप घालून पूतरेकुलु होतात. आमच्या नागपूर-वर्ध्याकडची लांब रोटीही पालथ्या मडक्यावरच भाजतात, पण ती गव्हाची. मडकं पालथं घालण्याची युक्ती इथे होती, तांदूळ वाफवण्याची होती. कच्चा पाला गुंडाळण्याची तेवढी कुणाला सुचली नाही. की सुचली होती? त्याकडे येते.

आधी तांदळाचं. वर्धा हा कापसाचा, सोयाबीनचा, तुरीचा जिल्हा. धानाचा पट्टा पूर्वेला, भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीचा. त्यामुळे आमचा तांदूळ विकतचा. घरात बहुधा एचएमटी असतो. हे घड्याळाचं नाव तांदळाला कसं मिळालं ते महाराष्ट्राला माहीत असायला हवं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, दीड-दोन एकरांचे शेतकरी. १९८३च्या सुमारास त्यांना आपल्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, दरवर्षी पेरून निवडत गेले आणि बारीक दाण्याचं, भरघोस उताऱ्याचं वाण उभं केलं. व्यापाऱ्यांना त्याला नाव हवं होतं. तेव्हा एचएमटीच्या घड्याळांचा जमाना होता, तेच चिकटलं. खोब्रागडे जून २०१८मध्ये गेले. वाण सगळीकडे पसरलं, पैसा त्यांच्याकडे फारसा आला नाही.

हा तांदूळ पापडीला चालतो का? काकूंचं उत्तर: "जुना असंल तं चालते. नवा चिकट, त्याची पापडी ताटलीले सोडत नाई." यामागचं शास्त्र पुस्तकात आहे. तांदळाच्या स्टार्चमध्ये दोन घटक असतात, सरळ साखळीचं अमायलोज आणि फांद्या फुटलेलं अमायलोपेक्टिन. वाफ लागली की कण फुगून फुटतात. गार होताना अमायलोजच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि जाळं तयार होतं. तेच जाळं पापडीला धरून ठेवतं. जातीनेच चिकट तांदळात अमायलोज कमी, म्हणून भात गोळा होतो पण पापडी होत नाही. जास्त भिजलेला राइस पेपर फाटतो तोही हे जाळं सैल पडल्यामुळे, आणि गुंडाळलेले रोल फ्रिजमध्ये ठेवले की वातड होतात ते जाळं पुन्हा आवळल्यामुळे. म्हणून हे रोल उरवायचे नसतात. दिवाळीतल्या पाहुण्यांना आदल्या दिवशी करून ठेवता येईल असा हा पदार्थ नाही, हे आधीच सांगून टाकते.

काकूंचं म्हणणं खरं करून पाहावं म्हणून मी आमच्या डब्यातली उन्हाळ्यातली सालपापडी कोमट पाण्यात टाकली. दहा सेकंदांत काहीच नाही. मिनिटभराने कडा लिबलिबीत झाल्या आणि मध्य तसाच पत्र्यासारखा राहिला. अडीच मिनिटांनी उचलायला गेले तर हातात दोन तुकडे आले, फाटली बरोबर जिऱ्याजवळ. आमची पापडी तळून फुलायला केलेली, म्हणून जाड. आणि जिऱ्याचा प्रत्येक दाणा म्हणजे तिच्यातलं एक भोक. काकूंना हे सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोळी पाण्यात बुडवून आंघोळीला नेली होती.

मग पाकिटाची मागची बाजू वाचली. घटक: टॅपिओका स्टार्च, तांदळाचं पीठ, मीठ, पाणी. आणि टॅपिओका पहिला! टॅपिओका म्हणजे कसाव्याच्या कंदाचं सत्त्व, म्हणजे तमिळनाडूतल्या सेलमहून येणारा आपला साबुदाणा. अख्ख्या महाराष्ट्राच्या एकादशीचा आधार. कसाव्याचा स्टार्च ओला झाला की लवचीक होतो आणि पारदर्शक राहतो. म्हणूनच बाजारातला कागद ताणला तरी फाटत नाही. आणि तांदूळ-साबुदाण्याच्या पापड्या तर आपल्या बायका कधीच्या करत आल्या आहेत.

या ऑक्टोबरात पुन्हा घाणा घातला. चार वाट्या जुना एचएमटी, एक वाटी साबुदाणा, रात्रभर वेगवेगळा भिजवलेला. तीन दिवस नाही, कारण आंबूस चव नको होती. जिरं नाही. मिक्सरमध्ये इतकं बारीक की चिमटीत रवा लागू नये. पीठ पाण्यासारखं पातळ, पळी बुडवून काढली तर मागे जेमतेम पातळ थर राहावा इतकं. ताटलीवर पसरलं तेव्हा ताटलीवर कोरलेलं आईचं नाव पिठातून वाचता येत होतं. वाफवून काढल्यावर ओल्या पापडीची गुंडाळी पहिल्याच फटक्यात झाली. उरलेल्या दहा सावलीत वाळवून दुसऱ्या दिवशी भिजवल्या, प्रत्येकी वीस सेकंद. सात टिकल्या, तीन फाटल्या. काकूंनी सात खाटेवर मांडल्या आणि म्हणाल्या, "जमते." वर्ध्यात याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

आता आतल्या पाल्याकडे. कच्चा पाला खाण्याची आपल्याला सवय नाही. मेथी घोळाना वगळला तर आपली प्रत्येक पालेभाजी फोडणीतूनच जाते. कोथिंबीरसुद्धा वरून, शोभेला. पण या वर्ध्यातच नव्वद वर्षांपूर्वी कच्च्या पाल्याचा हट्ट धरणारा एक माणूस होता. गांधीजी १९३४मध्ये वर्ध्याला आले. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत त्या वर्षी डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, कारभार जे. सी. कुमारप्पांकडे. तिथे तेलघाणी होती, कागद होता, हातसडीचा तांदूळ होता आणि स्वयंपाकघरात प्रयोग होते. १९३५च्या सुरुवातीला गांधीजींनी 'हरिजन'मध्ये पानांच्या पोषणमूल्यावर लिहिलं. मोहरीचा, शेपूचा, मुळ्याचा, गाजराचा पाला त्यांनी स्वतः कच्चा खाऊन पाहिला होता. आपण मुळा घेतो आणि पाला भाजीवालीकडेच तोडून टाकतो, गाजराचा पाला तर बाजारात येतानाच गायब असतो. हा त्यांचा मुद्दा आजही जसाच्या तसा लागू आहे.

खरं सांगायचं तर आश्रमाच्या जेवणाबद्दल आमच्या घरात फार प्रेमाने बोललं जात नसे. सेवाग्रामच्या पंगतीत कडुनिंबाची चटणी असायची, आणि पाहुण्यांनी ती तोंडात घेतल्यावर त्यांच्या चेहऱ्याचं काय व्हायचं याच्या गोष्टी आजीकडे होत्या. गांधीजींचा पाला पोटासाठी होता, जिभेसाठी नव्हता. व्हिएतनामी घरातला पाला जिभेसाठी असतो: पुदिना, तुळशीची एक जात, कोथिंबीर, कांद्याची हिरवी पात, सॅलडची पानं. मगनवाडीला पानं सापडली, गुंडाळी नाही सापडली. आणि पॉलिश केलेल्या तांदळाची पापडी त्यांना चाललीच नसती, ही अडचण उरतेच. हातसडीचा तांदूळ वाटला तर कोंडा जाळ्याच्या मधे येतो आणि पापडी ठिसूळ होते. हेही करून पाहिलं.

मगनवाडीतला दुसरा प्रयोग याहून बोलका. त्याच १९३५ साली तिथे सोयाबीन शिजवून खाऊन पाहिलं जात होतं, 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिलं जात होतं. तेव्हा हे पीक इथल्या शेतकऱ्याला ऐकूनही माहीत नव्हतं. आज दसऱ्याला जिल्ह्यात कुठूनही जा, सोयाबीनच्या सोंगणीचा पिवळा भुसा रस्त्याला लागलेला असतो. ते सगळं पीक बाजार समितीत जातं, तिथून तेलाच्या कारखान्यात, पेंड कोंबड्यांना. पिकवणाऱ्याच्या चुलीवर ते क्वचितच चढतं. कारण विचारलं तर एकच उत्तर: वास येतो.

वास जातो. पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजवायचं, सालं चोळून काढायची आणि उकळतं पाणी घालूनच वाटायचं. वास आणणारं विकर उष्णतेने तिथेच मरतं. पंचात गाळायचं, दूध दहा-पंधरा मिनिटं चांगलं उकळायचं, कारण कच्चं सोयाबीन पोटाला सोसत नाही. खाली उतरवून लिंबाचा रस पाण्यात मिसळून थोडा थोडा घालायचा. छन्यासारखं फाटतं. पंचात बांधून वर पाट्याचा वरवंटा. दोन तासांत टोफू तयार. बोटभर लांब कापट्या तव्यावर चमचाभर तेलात परतायच्या, वर मीठ आणि वायगावची हळद. आमच्या समुद्रपूर तालुक्यातल्या या हळदीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिचा रंग इतका उतरतो की पापडीतून टोफू सोन्यासारखा दिसतो. आधी ती हौस वाटली होती, आता सोडवत नाही.

बुडवायची चटणी. मूळची नुओक चाम म्हणजे मासळी खारवून मुरवलेलं पाणी, लिंबू, साखर, साधं पाणी, लसूण आणि लाल मिरची. घरोघरी प्रमाण वेगळं, पण पाणी सगळ्यात जास्त. ती आमटीसारखी पातळच हवी, कारण पापडीने ती शोषायची नसते, नुसती पांघरायची असते. आमच्या शाकाहारी घरात मासळीच्या पाण्याऐवजी सोया सॉस आणि चिमूटभर जास्त मीठ. साखरेऐवजी गूळ घातला तर चव चिंचेच्या सारापाशी येऊन थांबते. मला ती आवडते, भाचीला नाही.

दुसरी चटणी दाण्याची. तिथेही शेंगदाणे आंबवलेल्या सोयाबीनच्या दाट सॉसमध्ये घालतात. इथे वाटीभर खमंग भाजलेल्या दाण्यांचा कूट, लसणाच्या तीन पाकळ्या, दोन चमचे चिंचेचा कोळ, एक चमचा गूळ, एक चमचा सोया सॉस, तिखट, आणि सैल होईपर्यंत कोमट पाणी. फोडणी नाही. काकूंनी चाखून फोडणीची कढई काढलीच होती; हात धरावा लागला. फोडणी दिली की ती चटणी उरते आणि पाल्याचा वास मरतो.

आता गुंडाळी. पसरट परातीत कोमट पाणी, शेजारी ओला सुती पंचा पसरलेला. विकतचा कागद पाण्यात पाच ते दहा सेकंद, त्याहून जास्त नाही. तो जरा ताठ असतानाच पंच्यावर पसरायचा. भाजी मांडेपर्यंत आपोआप मऊ होतो. पहिल्यांदा करणारा प्रत्येक जण परातीतच मऊ होण्याची वाट पाहतो आणि चिंधी उचलतो. आपल्याकडच्या कडेला, मधे नाही, सॅलडचं किंवा कोबीचं कोवळं पान, त्यावर गाजर-काकडीच्या काड्या, टोफू, पुदिना, कोथिंबीर, थोडी शेपू. सगळं कोरडं हवं. ओल्या पाल्याने पापडी आतून फाटते. पावसाळा नुकता संपलेला असतो, तेव्हा पाला मिठाच्या पाण्यातून तीनदा काढावा. खालची कड पाल्यावर ओढून आवळायची, डावी-उजवी आत घ्यायची, मग पुढे लोटायची. पानाचा विडा बांधणारा हात हे लगेच शिकतो. माझ्या आईने आयुष्यात रोल हा शब्द उच्चारला नसेल, पण पहिला रोल सगळ्यात घट्ट तिचा झाला. झालेले रोल एकमेकांना टेकवून ठेवायचे नाहीत, चिकटले की सुटत नाहीत. वर ओलं फडकं, आणि दोन तासांत संपवायचे.

आणि चव? सांगते. पहिल्या घासाला काहीच नाही, थंड आणि बेचव. मग दाताखाली पुदिना फुटतो, शेपू लागते, आणि चटणी मागून येते. मेव्हण्यांनी एक खाल्ला आणि चकलीचा डबा ओढला. पोरांनी चार-चार खाल्ले. आईने खाऊन झाल्यावर विचारलं, "भाजी कुठाय?" लक्ष्मीपूजनाच्या जड जेवणानंतर, पाडव्याच्या संध्याकाळी कुणाला काही तळलेलं नको असतं, तेव्हा हे रोल सगळ्यात चांगले लागतात. एरवी रोज खायची ही गोष्ट नाही, आणि विकतच्या पाकिटासाठी नागपूरपर्यंत जावं असंही मला वाटत नाही.

एवढं मात्र करून पाहा. येत्या उन्हाळ्यात घरात सालपापडीचा घाणा लागेल तेव्हा पिठात वाटीभर साबुदाणा वाटून घाला, पहिल्या दहा ताटल्यांत जिरं घालू नका, आणि त्या दहा पापड्या खाटेवर जाऊ देऊ नका. पाला आदल्या दिवशीच आणून ठेवा. पहाटे चारला बाजार उघडा नसतो.